मागच्या जिन्यावरचा नवरदेव

दाजींनी सिगारेट आणि कॉफी एकाच दिवशी सोडली. ज्याला आयुष्यात एक गोष्ट धड सोडता आली नाही त्यानं एकदम दोन सोडायला जाऊ नये, हे त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं. पण डॉक्टरांनी पर्यायच ठेवला नव्हता. घराचा जिना चढताना छातीत धडधड सुरू झाली, कपाळावर घाम फुटला आणि बायकोनं त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. सिगारेटी किती, डॉक्टरांनी विचारलं. दाजी म्हणाले, सोळा. आणि कॉफी? नऊ कप, बिनदुधाची. "या दोघी बहिणी आहेत," डॉक्टर म्हणाले. "एक घरात राहिली की दुसरीला बोलावून आणते. दोघींनाही काढा."

पहिले नऊ दिवस डोकं असं ठणकलं की दाजी केस विंचरायलाही तयार नव्हते. पोट साफ होईना, झोप लागेना, आणि लागलीच तर स्वप्नात सिगारेट यायची, तीही न पेटवलेली. दिवस अचानक मोठा झाला. सोळा सिगारेटी आणि नऊ कप यांच्यात जे दोन-अडीच तास जायचे ते सगळे परत आले, आणि त्यांचं करायचं काय हे कुणी सांगितलं नव्हतं. बायकोनं डब्यात गाजराचे तुकडे भरून दिले. दाजी ते दोन बोटांत धरायचे आणि शेवटी चिडून चावायचे.

मत्सर म्हणजे काय ते दाजींना या दिवसांत कळलं. रस्त्यात अनोळखी माणूस सिगारेट ओढत चालला असेल तर दाजी आपलं वळण सोडून त्याच्या मागे दोन चौक जायचे. बायको बिचारी कॉफीचा कप घेऊन गच्चीत जायची, यांना त्रास नको म्हणून. पण दाजींचं नाक आता परत आलं होतं. तीस वर्षं झोपलेलं नाक जागं झालं आणि घरभर हिंडू लागलं. "तूच पी, मजेत पी," असं ते बायकोला खालूनच म्हणायचे, आणि त्यांचा आवाज असा लागायचा की ती अर्धा कप कुंडीत ओतून खाली यायची.

पण हा सगळा जळफळाट किरकोळ म्हणावा असं एक दुखणं दाजींच्या पोटात होतं, आणि ते कामाच्या ठिकाणी होतं.

दाजी आणि त्यांचा मेहुणा मिळून दातांची लॅब चालवत. म्हणजे दातांच्या दवाखान्यांतून तोंडाचे साचे यायचे, आणि इथे त्यांच्यावरून कवळ्या, पडलेल्या दाताची फट भरणारे पूल, दातावरच्या टोप्या तयार होऊन जायच्या. मेहुण्याला सगळे छोटू म्हणत. तो पन्नास वर्षांचा होता, टक्कल पडलं होतं, वजन नव्वद किलो, पण मोठ्या बहिणीनं लहानपणी छोटू म्हटलं ते चिकटलं. दाताला आकार द्यावा तर छोटूनंच. पोर्सेलिनचा ओला लगदा ब्रशच्या टोकावर घेऊन तो असा दात उभा करायचा की बघणाऱ्याला वाटावं, आता हा चावणार. दाजी घासकाम, धातूकाम आणि भट्टी बघायचे. आणि रंग दोघं मिळून ठरवायचे.

या रंगाचा त्यांचा एक नियम होता. पुढचा दात असला की तो दोघांनी उजेडात बघितल्याशिवाय लॅबच्या बाहेर जायचा नाही. उजेड म्हणजे दिव्याचा नव्हे, आभाळाचा. लॅबच्या पुढच्या खिडकीसमोर हिरव्या रंगाची इमारत होती, तिथे सगळे दात आजारी दिसायचे. म्हणून मागचा लोखंडी जिना. नव्या दाताचा रंग कुठल्या नंबरचा हवा ते डॉक्टर लिहून पाठवायचे, पण तो कागद खिशात उलटा ठेवायचा. नमुन्याच्या दातांची पट्टी बाजूला धरायची, छोटूनं पाचपर्यंत मोजायचं, आणि पाचाला दोघांनी एकदम नंबर बोलायचा. नंबर एकच आला आणि कागदाशी जुळला तर दात गेला. दोघांचे वेगळे आले तर दात पुन्हा भट्टीत. बावीस वर्षांत वेगळे आले असे प्रसंग दाजींना आठवतच नव्हते. "आमची डोकी दोन आहेत, डोळे एकच जोडी," असं ते पाहुण्यांना सांगायचे, आणि छोटू मान खाली घालून हसायचा.

सकाळी अकराला आणि दुपारी चारला हा कार्यक्रम असायचा. हातात कॉफी, ओठात सिगारेट, मधे दात. लॅबमधल्या सगळ्या गोष्टी तिथेच ठरल्या. छोटूच्या मुलीचं कॉलेज, दाजींच्या आईचं आजारपण, कुठल्या डॉक्टरचं काम घ्यायचं आणि कुणाला हात जोडायचे, सगळं त्या जिन्यावर.

आणि आता दाजींना जिना बंद होता. बायकोनं दोघांनाही बजावलं होतं. नवऱ्याला म्हणाली, "चाळीस दिवस त्या जिन्यावर पाय ठेवायचा नाही." भावाला म्हणाली, "तू यांना बोलावलंस, तर माझ्या दारात येऊ नकोस." छोटू बहिणीला घाबरायचा. तो दाताचा ट्रे घेऊन दाजींच्या टेबलावरून नुसता मान हलवून जायचा. एकदा तरी तो दारात थांबून 'चला दाजी' म्हणेल आणि आपण बाणेदारपणे 'नको रे' म्हणू, याची दाजी रोज तयारी करून बसत. पण तो म्हणाला नाही. आणि दहाव्या दिवशी तो एकटा गेला नाही.

त्याच्याबरोबर गेला तो नवा कारागीर. दोनच आठवड्यांपूर्वी लागला होता, पस्तिशीचा, सडसडीत, बोलायला हळू. हात चांगला होता हे दाजींनाही कबूल करावं लागलं, आणि कबूल करावं लागल्यामुळेच तो जास्त खुपला. पहिल्या दिवशी तो पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा ॲप्रन घालून आला तेव्हा दाजींनी मनात त्याचं नाव नवरदेव ठेवलं. नवरदेव दाजींना 'सर' म्हणायचा. छोटूला पाचव्या दिवसापासून 'दादा' म्हणू लागला.

अकराला दोघं मागच्या दारानं गेले. पंधरा मिनिटांनी परत आले. नवरदेव टेबलाजवळून गेला आणि दाजींच्या ताज्या नाकानं ॲप्रनला येणारा धूर ओळखला. छोटूचाच ब्रँड. म्हणजे यानं सिगारेटही छोटूच्याच पाकिटातली घेतली! बावीस वर्षं ते पाकीट दोघांत मिळून होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि बीळ तरी कसलं, दाजींनी स्वतःच्या फुफ्फुसानं खणलेलं.

"रंग जुळला का रे?" दाजींनी मान वर न करता विचारलं.

"जुळला की," छोटू म्हणाला. "एकदम."

"पहिल्याच फटक्यात?"

"पहिल्याच."

दाजींनी त्या दिवशी घासायच्या मशीनवर एका चांगल्या पुलाची कड उडवली.

मग हे रोजचंच झालं. अकरा वाजले की दाजींची मान आपोआप मागच्या दाराकडे वळायची. ते दात जातात कुठे आणि परत येतात किती, यावर त्यांनी नजर ठेवली. सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट, पण सांगतो: आपल्याच लॅबचं काम डॉक्टरांनी 'रंग चुकलाय' म्हणून परत पाठवावं, असं दाजींना मनापासून वाटू लागलं. फोन वाजला की त्यांचे डोळे चमकायचे. एकही दात परत आला नाही.

"छोटूला नवा जोडीदार मिळाला," जेवताना ते बायकोला म्हणाले.

"चांगलं झालं की. एकटा किती काम करणार?"

"कामाचं नाही म्हणत मी. जिन्यावरचा."

"तुम्हाला सिगारेट आठवतेय," ती म्हणाली. "गाजर खा."

बायकोचं म्हणणं दाजींनी तपासून पाहिलं. सिगारेट आठवत होती, खोटं कशाला बोला. पण सिगारेटीची तल्लफ तीन-चार मिनिटांनी उतरायची. ही उतरत नव्हती. छोटूच्या शेजारची ती पायरी आपली आहे, आणि आपण नुसते आजारी रजेवर आहोत, असं दाजी धरून चालले होते. ती कायमची जाते की काय, असं आता त्यांना वाटू लागलं होतं.

चाळीस दिवस भरले. एकेचाळिसाव्या दिवशी दाजी दाढी करून, धुतलेला ॲप्रन घालून अकराच्या आधीच तयार बसले. अकरा वाजता छोटू उठला, त्यानं ट्रे घेतला, नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं गेले. दाजी हातातली टोपी घासत राहिले. ती घासून संपत आली होती.

दुसऱ्या दिवशी दाजींनी जे केलं ते त्यांच्या वयाला, हुद्द्याला आणि गुडघ्यांना न शोभणारं होतं. प्लास्टर धुवायच्या मोरीत वर एक झरोका होता, तो बरोबर जिन्यावर उघडायचा. दाजींनी मोरीचं दार लावलं, प्लास्टरची बादली उपडी घातली आणि तिच्यावर चढले. बाहेर धूळ ओढणाऱ्या पंख्याची घरघर होती. माणसं दिसत नव्हती आणि कुणाचा आवाज कुठला तेही कळत नव्हतं. पण छोटूचं मोजणं कळलं: एक, दोन, तीन, चार, पाच. आणि मग नंबर आला. "बी दोन." त्याच्या मागून पुन्हा, "बी दोन."

दाजींनी कान टवकारले. पुढचा दात. "ए तीन." आणि किंचित मागून, "ए तीन." तिसरा. पुन्हा तसंच. दोन आवाज एकदम पडत नव्हते. एक पडायचा, आणि दुसरा अर्धा श्वास मागे राहून त्याला येऊन मिळायचा.

बादलीवर उभ्या असलेल्या दाजींना इतका आनंद झाला की ते पडता पडता वाचले. अस्सं! हा नवरदेव छोटूची री ओढतोय तर! याला काही रंगबिंग दिसत नाही. छोटू बोलतो, हा मागून म्हणतो, आणि भोळा छोटू समजतो जोडी जमली. चाळीस दिवसांत दाजींना इतकं भरपेट जेवण कुणी वाढलं नव्हतं. ते रात्री शीळ घालत झोपायला गेले.

आता याला छोटूच्या देखत उघडं पाडायचं. नुसतं सांगून छोटू मानणार नाही, उलट म्हणेल दाजी जळतात. दाजींनी डाव आखला. शाळेतल्या एका बाईंचा पुढचा दात तयार होता, शेजारचा दात त्यांचा स्वतःचा, म्हणजे रंगात जरा फरक पडला तर वर्गातल्या पहिल्या बाकापर्यंत दिसणार. दाजींनी तो सकाळीच पुढच्या दारातून बाहेर जाऊन बघून ठेवला. ए तीन. शंकाच नाही. 'ए'ला तांबूस झाक असते आणि 'बी'ला पिवळसर, आणि ही स्वच्छ तांबूस होती. आता जिन्यावर तिघांनी बोलायचं. पाचाच्या ठोक्याला दाजी मुद्दाम खोटा नंबर बोलणार, मोठ्यांदा आणि जरा आधी. छोटू खरा बोलणार. आणि नवरदेव मागून आयता उचलणारा, तो मोठा आवाज ऐकून फसणार. मग दाजी खिशातला कागद काढणार.

अकराला ते स्वतःच उठले. "चला, आज मी पण येतो."

छोटू दचकला. "दाजी, ताई..."

"चाळीस संपले. आज चव्वेचाळिसावा. ओढणार नाहीये मी, रंग बघणार आहे."

जिन्यावर आले तेव्हा पहिला धक्का बसला. छोटूनं सिगारेट पेटवली, आणि नवरदेव वाऱ्याची दिशा बघून दोन पायऱ्या वर जाऊन बसला. त्यानं ॲप्रनच्या खिशातून गरम पाण्याची बाटली काढली.

"तू ओढत नाहीस?" दाजींनी विचारलं.

"नाही सर. मला खोकला येतो."

"मग येतोस कशाला इथे?"

नवरदेवानं छोटूकडे पाहिलं. "दादांना सोबत लागते," तो म्हणाला.

सोबत! दाजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. धूर समोरून येत होता, तोंडाला पाणी सुटत होतं, आणि तरी त्यांचं लक्ष त्या एका शब्दावर होतं. त्यांनी ट्रे पुढे ओढला, पट्टी दाताजवळ धरली. "आज तिघांनी बोलायचं. छोटू, मोज."

"तिघांनी कशाला, दाजी? आपण दोघं बोलू की. तो बघेल."

"तिघांनी. मोज."

छोटूनं सिगारेट दुसऱ्या हातात घेतली आणि मोजायला लागला, आज जरा सावकाश. एक. दोन. तीन. चार.

"पाच."

"बी तीन!" दाजी गरजले.

"ए तीन," वरच्या पायरीवरून नवरदेव म्हणाला, शांतपणे, बरोबर ठोक्याला.

आणि अर्धा श्वास मागून, दाजींच्या खांद्याशी, छोटू म्हणाला, "बी तीन."

दाजी नवरदेवाकडे बघायला वळले होते, त्याची फजिती टिपायला, आणि तिथे फजिती नव्हती. तो छोटूकडे बघत होता. मग तो घाईनं उठला. "माझंच चुकलं असेल सर," तो म्हणाला. "ऊन डोळ्यावर आलं. भट्टी तापलीय, जरा बघून येतो." तो आत गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं, आवाज न करता.

"छोटू," दाजी म्हणाले, "हा ए तीन आहे."

छोटूच्या बोटांतली सिगारेट तशीच जळत होती.

"छोटू, हा लहान पोरालाही कळेल. तांबूस आहे."

"मला नाही कळत," छोटू म्हणाला. "तांबूस आणि पिवळसर मला एकसारखंच दिसतं, दाजी. उजळ-काळपट कळतं. हे नाही कळत. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"म्हणजे जन्मापासून असेल. पोर्सेलिनच्या बाटल्यांवर नंबर लिहिलेले असतात, त्यामुळे कामाचं अडत नाही. आकार मला येतो. फक्त भट्टीत रंग बदलला का ते बघायला इथे आलं की पंचाईत."

"आणि बावीस वर्षं?"

"तुम्ही बोलायचात. मी तुमच्या मागून बोलायचो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. दाजी पायरीवर बसले. डोळे एकच जोडी असं ते लोकांना सांगत आले होते, आणि ते शब्दशः खरं होतं. हजारो दात, हजारो लोकांच्या तोंडात, आणि सगळे एकट्या दाजींच्या भरवशावर गेलेले. राग यायला हवा होता, तो थोडा आलाही. पण त्याच्यावर चढून दुसरंच काहीतरी आलं.

"मी यायचा बंद झालो तेव्हा तू घाबरला असशील," ते म्हणाले.

"एक आठवडा नुसते मागचे दातच केले. ते कुणी बघत नाही." छोटू कसनुसा हसला. "तुम्हाला कसं सांगणार? ताईनं तुम्हाला शब्दात अडकवलेलं. आणि तुम्ही तर सगळ्यांना सांगत सुटायचात, आमची नजर एक म्हणून. तुम्हाला त्याचं किती कौतुक होतं."

"मग त्याला सांगितलंस."

"नाही हो. त्याला मी काही सांगितलं नाही." छोटूनं मान हलवली. "जिन्यावर यायला लागल्याच्या आठव्या दिवशी त्यानं ओळखलं. काही बोलला नाही. नुसता जरा आधी नंबर बोलायला लागला, म्हणजे मला घ्यायला सोपं जावं."

"आठव्या दिवशी?"

"आठव्या."

"कसं ओळखलं त्यानं?"

छोटूनं जिन्याच्या कठड्यावर अंगठा घासला, खाली रस्त्याकडे पाहिलं. "तो माझ्याकडे बघायचा, दाजी," शेवटी तो म्हणाला. "तुम्ही नंबर बोलायचात आणि लगेच मान खाली घालून पुढची सिगारेट पेटवायचात."

दाजींना ते दिसलं. हाताचा आडोसा, काडीची ज्योत, डोळे बारीक, पहिला झुरका. दिवसातून दोनदा, बावीस वर्षं. आणि शेजारी हा माणूस त्यांच्या ओठांकडे टक लावून, अर्धा श्वास रोखून उभा. एकदाही मान वर केली असती तर दिसला असता.

छोटूनं, काय करावं न सुचून, जुन्या सवयीनं पाकीट दाजींपुढे धरलं, आणि लक्षात आल्यावर शरमून मागे घेतलं. दाजींनी ते पाहिलंही नाही. ते बंद दाराकडे बघत होते. दाराच्या पलीकडे तो माणूस त्यांच्या भट्टीपाशी उभा होता, आणि त्याच्याजवळचे ते आठ दिवस, छोटूकडे नीट बघण्यात गेलेले, दाजींना हवे होते.